चुकलं की पहिल्यापासून

लेक आज एकटी लॉन्ड्रीत पोचली तर चादरींच्या घड्या घालायचं काम पक्कं, नाहीतर रामराम. ठोकळ्यांच्या चाचणीत ती गप्प बसली, तेव्हा तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "बुद्धीचा आकडा राहू द्या, ताई. एकटीनं तिला काय निभावतं, ते बघू."

बोललेलं वाऱ्यावर जातं, गायलेलं मुरतं, हा आईचा विश्वास. म्हणून तिनं रस्त्याचंच गाणं केलं. दारात उभं राहून आईनं म्हणायचं, ‘निघ गं बाय’. मग पोस्टाची लाल पेटी, मग दवाखाना, मग पूल, मग लॉन्ड्रीची वाफ. चुकलं की पहिल्यापासून. देव तरी दुसरं काय करू देतो माणसाला?

फोन वाजला. लॉन्ड्रीतल्या मुकादमबाई. "ताई, अजून आली नाही हो."

आईनं दाराला कुलूप घातलं. जिन्यात शिंपीणकाकू होत्याच. "कोकराला एकटं सोडायचं, नि मग लांडग्याच्या नावानं रडायचं!"

"काकू, घराकडे बघा!" म्हणत आई मधल्या गल्लीनं थेट पुलाशी धावली. पूल पत्रे लावून बंद.

"निळ्या ओढणीची मुलगी?" गवंडी म्हणाला. "इथवर आली, गाणं थांबवलं, मागं फिरली. म्हटलं, सायकलवाल्याच्या गल्लीतनं जा. ऐकलंच नाही."

कशी ऐकेल? गाण्यात ती गल्लीच नव्हती. अन् पहिलं कडवं तर दारातलं. दारात आई कुठे होती?

आई धावत घरी परतली, तर लेक कुलूपबंद दारापुढे कानावर हात ठेवून डुलत होती. काकू रडकुंडीला आलेल्या. "माझ्याकडे बस म्हटलं, तर म्हणते, बसायला नाही, निघायला आलेय!"

हात धरून न्यावं, असं आईच्या अगदी ओठांवर आलं. पण मग काम गेलंच. तिनं कुलूप काढलं, उंबऱ्यात उभी राहिली. गाण्यातल्या दवाखान्यापुढे नवं कडवं जोडलं: पूल बंद, सायकलवाला, गल्लीतनं वाफ. लेक अडखळली. "पहिल्यापासून," तिनंच आईला दटावलं.

"निघ गं बाय."

लेकीचा आवाज जिन्यावरून उतरला, लाल पेटीशी विरला.

"मागनं जाऊ का मी?" काकू कुजबुजल्या.

"नको." चौकट धरलेली आईची बोटं पांढरी पडली होती. काकूंच्या सुईत दोरा काही केल्या जाईना.

फोन वाजला. आईला तो उचलवेना. काकूंनीच तिच्या कानाला लावला.

"ताई, आलीय हो! दारात उभी आहे. आत ये म्हटलं, तर म्हणते, थांबा, गाणं संपू दे."