मोहनरावांनी वाढवलेली काच

कावेरीला सगळ्यात आधी राग आला तो टाळ्यांचा. मोहनरावांचा राग नंतर आला आणि नवऱ्याचा तर त्याच्याही नंतर. स्वतःच्या पाटल्या मोडून घेतलेल्या गाडीची पुढची काच डोळ्यांदेखत तडकावी आणि भोवतीच्या पन्नास माणसांनी टाळ्या पिटाव्यात, हा चमत्कार लिंबागणेशच्या देवळासमोरच होऊ शकतो, असं तिचं ठाम मत झालं.

त्या साली गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, शांपू रुपयाच्या पुडीत मिळायला लागला होता आणि गाडी घेणं ही फक्त पुढाऱ्यांची मिरास राहिली नव्हती. कावेरीचा नवरा विश्वेश्वर किराणा दुकान चालवायचा. दुकानापुढून रोज माणसं अंबाजोगाईच्या दवाखान्याला जायची आणि जीपच्या टपावरसुद्धा जागा मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायची. हे कावेरीनं वर्षभर पाहिलं आणि एक दिवस पाटल्या काढून नवऱ्यापुढं ठेवल्या. पांढरी व्हॅन आली. पाटल्या कावेरीच्या, म्हणून गाडीही कावेरीच्या नावावर. एवढं एक शहाणपण तिनं वेळीच केलं होतं.

पूजा साधीच ठेवायची ठरली होती. चाकाखाली लिंबं, समोर दगड, दगडावर नारळ, झालं. पण विश्वेश्वरला साधं काही पचत नाही. तो जाऊन मोहनरावांना बोलावून आला. मोहनराव म्हणजे बाजार समितीचे माजी सभापती आणि येत्या निवडणुकीचे उमेदवार. पंचक्रोशीत बोअर लागली, पीठगिरणी सुरू झाली, कुणी ट्रॅक्टर आणला, की नारळ मोहनरावांच्याच हातचा.

आणि घोटाळा त्या ट्रॅक्टरनंच केला. ट्रॅक्टरच्या नाकाडावर भलं मोठं लोखंड असतं, त्यावर नारळ आपटला की दोन भकलं. मोहनरावांच्या हाताला तीच सवय. पायाशी दगड ठेवलेला होता, पण दगडावर वाकायचं तर पोट मधे येत होतं. त्यांनी नारळाची शेंडी धरली, गाडीवरून तीनदा ओवाळला, फोटोवाल्याकडं बघितलं आणि हात उगारून दिला ठेवून. व्हॅनला ना नाक ना लोखंड. खाली पत्रा, वर लगेच काच. शेंडी हातात राहिली, नारळ काचेवर बसला आणि काचेवर एका जागेपासून चारी दिशांना तडे पळत गेले. नारळ मात्र जसाच्या तसा घरंगळत गाडीखाली गेला.

मग मोहनराव हातातल्या शेंडीकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "वाढली! काच वाढली. शुभ झालं, विश्वेश्वर. धंदा वाढतो बघ आता."

आणि टाळ्या!

आपल्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाईच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. वाण्याचं दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, वाढवलं जातं. तोंडातून अभद्र निघू नये म्हणून म्हाताऱ्या माणसांनी करून ठेवलेली ही चांगली सोय. पण मोटारीच्या काचेला ती आजवर कुणी लावली नव्हती. मोहनरावांनी लावली, आणि पन्नास माणसांना ती पटली. विश्वेश्वर तर हात जोडून हसत उभा होता. कावेरीच्या हातात आरतीचं ताट होतं म्हणून, नाहीतर त्या हातांनी काय केलं असतं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दोघं बीडला गेली. शहादेवचं मोटारींच्या काचांचं दुकान होतं. त्यानं काचेवर बोट फिरवून विचारलं, "कशानं फुटली?"

"दगड उडाला घाटात," विश्वेश्वर म्हणाला.

कावेरीनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या सहज खोटं बोलणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि तो आपलाच निघाला, याचं तिला नवल वाटलं. पण काचेचा भाव आधी कळायला हवा होता म्हणून ती गप्प बसली.

भाव काही एका आकड्यात मिळत नव्हता. काचेत दोन जाती, शहादेव म्हणाला. एक दोन थरांची, मधे चिकट पापुद्रा असलेली. ती तडकते पण अंगावर येत नाही. दुसरी एकाच थराची, स्वस्त. ती फुटली की खडीसाखरेसारखे दाणे होऊन मांडीवर पडते. पुढं बसवायची तर पहिलीच घ्या. ती औरंगाबादहून मागवावी लागणार, म्हणजे गाडीभाडं आलं, वाटेत फुटली तर त्याची जोखीम आली. भोवतीचं रबर जुनं चालत नाही, काढताना फाटतं. मग बसवायची मजुरी. सगळं मिळून साडेतीन हजार.

कावेरीनं तिथंच मनात मांडलं. अंबाजोगाईच्या एका फेरीत पेट्रोल जाऊन दोनशे सुटले असते. म्हणजे ही एक काच सतरा-अठरा पेशंट खाणार. माणसं आजारी पडणार, ही दोघं त्यांना उन्हातान्हात पोचवणार, आणि ती सगळी कमाई मोहनरावांच्या एका हाताच्या फटक्यात जाणार.

"इमा हाय की गाडीचा," शहादेव म्हणाला. "त्रिंबकला इचारा."

विम्याचा एजंट त्रिंबक दोन दुकानं पलीकडं बसायचा. त्यानं खिशातलं पेन काढलं सुद्धा. "बसून जाईल इम्यात. लिवा, मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला. वहिनी, गाडी तुमच्या नावावर हाय, सही तुमची लागंल."

"दगड कुठं होता? नारळ होता," कावेरी म्हणाली.

"नारळ लिवला तर कुणी मारला ते लिवावं लागतं."

"मग लिवा की. मोहनरावांनी मारला."

त्रिंबकनं पेनाला टोपण लावलं. विश्वेश्वर खोकला. बाहेर आल्यावर तो दातओठ खात म्हणाला, "कावून आडून बसलीस? एक सही तर करायची होती."

"तुमी गाडीत बसा. मग सांगते कावून."

गाडी पाली गावाच्या पुढं आली. डावीकडं बिंदुसरेच्या धरणावर ऊन चमकत होतं आणि तड्यांमधून त्या एका उन्हाची शंभर उन्हं होऊन डोळ्यांत घुसत होती. विश्वेश्वर मान वाकडी करून गाडी हाकत होता.

"त्यानं काच फोडली," कावेरी म्हणाली. "फोडली म्हणायलाबी तुमची जीभ उचलत न्हाई. त्याच्याकडं पैसे मागायचे सोडून तुमी मलाच खोटं लिवायला लावता?"

"लई मोठा माणूस हाय तो. विलेक्शनला दोन महिने गाडी लावतो म्हणलाय. साडेतीन हजाराचं काय घेऊन बसलीस?"

"मी साडेतीन हजार घेऊन बसले न्हाई. चूक केली तर तोंडानं म्हणावं, एवढंच म्हणते. त्यानं न्हाई तर निदान तुमी म्हणा."

विश्वेश्वरनं हॉर्न वाजवला. पुढं रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस गाडी दुकानासमोर उभी राहिली. टाळ्या वाजवणारेच आता सांगायला लागले, की तडकलेल्या काचेच्या गाडीत पेशंट बसवणं बरं नाही, अपशकुन असतो. बायडाबाईच्या सुनेचे दिवस भरले होते. ठरलेलं भाडं मोडून तिला जीपमधून नेलं. "शुभ झालं म्हणत होते नं त्या दिवशी?" कावेरीनं विचारलं, तर बायडाबाई पदर सावरत म्हणाली, "ते मोहनराव म्हणले, आमी काय म्हणणार माय?" कावेरीला तिचा राग येईना, आणि येईना म्हणून जास्तच चिडचिड झाली.

मग एक दिवस मोहनरावांचा निरोप आला. गाडी शहादेवकडं घेऊन जा, काच सांगून ठेवली आहे, पैसे पोचले आहेत. विश्वेश्वरला आभाळ ठेंगणं झालं. "बघ! उगं माणसाला नावं ठेवत होतीस." कावेरीलाही वाटलं, असेल बाई, लाजून का होईना, भरून दिली ना. दुकान कुणीतरी बघायला हवं म्हणून विश्वेश्वर एकटाच गेला.

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. काच नवी कोरी, आरपार स्वच्छ. आणि तिच्या कपाळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल-पिवळ्या रेडियमच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "मा. मोहनराव भाऊ यांच्या प्रेमातून."

कावेरीनं ते दोनदा वाचलं. "हे काय हाय?"

"त्यांनीच करायला लावलं. चांगलं दिसतंय की," विश्वेश्वर म्हणाला. पण तो गाडीकडं न बघता म्हणाला.

तेव्हा कावेरीला त्या काचेची खरी किंमत कळली. फोडणारा मोहनराव, आणि उपकार करणारा पण मोहनराव! रबर, मजुरी, औरंगाबादचं भाडं, हे सगळं शहादेवनं सांगितलं होतं. ही रक्कम सांगितली नव्हती. आता तिच्या पाटल्यांची गाडी पेशंट घेऊन अंबाजोगाईपर्यंत मोहनरावांचं नाव मिरवत जाणार, निवडणुकीत त्यांचा फुकट प्रचार करणार, आणि कुणी विचारलं तर माणसं सांगणार, बिचाऱ्यानं गरिबाला काच बसवून दिली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाची विभूती न पुसता, तिनं नवऱ्याच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड घेतलं, वाटीत रॉकेल घेतलं, गाडीपुढं स्टूल मांडलं आणि भर रस्त्यात अक्षरं खरवडायला लागली. आधी "प्रेम" काढलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. विश्वेश्वर दुकानातून "आगं, आगं" म्हणत राहिला, पण बाहेर आला नाही. दहा वाजेपर्यंत काच साफ झाली.

बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो! दुपारच्या आत मोहनराव स्वतः आले. सोबत चार माणसं होती. ते चिडलेले नव्हते. चिडणं त्यांना परवडणारं नव्हतं, निवडणूक तोंडावर होती. हसत हसत दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "वहिनी, आमचं नाव लई बोचलं का वो तुमाला?"

"बोचलं," कावेरी गल्ल्यावरून उठत म्हणाली. "काच तुमी फोडली, तुमी भरून दिली. ती भरपाई झाली. भरपाईवर कुणी नाव घालत न्हाई. नाव लावायचं तर गाडीचं भाडं पडंल, महिन्याच्या महिन्याला."

चार माणसांतला एक हसला आणि लगेच गप्प झाला. मोहनरावांचं हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. "भरपाई? कशाची भरपाई? आमी तर ऐकलं, घाटात दगड उडाला. शहादेवला बी तेच सांगितलं म्हणं तुमी." ते विश्वेश्वरकडं वळले. "का बे विश्वेश्वर? कशानं फुटली होती काच? सांग सगळ्यांपुढं."

दुकानापुढं आता चांगली गर्दी झाली होती. त्यात देवळासमोरचे पुष्कळ होते. सगळ्यांनी पाहिलेलं होतं आणि सगळे विश्वेश्वरच्या तोंडाकडं बघत होते. कावेरीही बघत होती. मागचे सगळे दिवस ती याच एका शब्दासाठी भांडत होती. त्यानं एकदा खरं म्हटलं असतं, तर दोन महिन्यांचं भाडं गेलं असतं, गिऱ्हाईक तुटलं असतं, मोहनरावांशी कायमचं वाकडं झालं असतं. हे सगळं तिला माहीत होतं, आणि तिची तयारी होती. म्हणा, ती मनात म्हणाली. एकदा म्हणा. बाकीचं मी बघते.

विश्वेश्वरनं ओठ ओले केले. "दगड उडालता," तो म्हणाला.

"झालं तर मग," मोहनराव म्हणाले. "वहिनींचा गैरसमज झालता. काढ गाडी, बीडला जाऊ. पुन्हा चिकटवून घेऊ."

विश्वेश्वरनं खिशातून चावी काढली. तो पायरी उतरणार, एवढ्यात कावेरीनं पुढं हात केला.

"चावी."

"आगं, कावून?"

"ज्या गाडीची काच दगडानं फुटली ती गाडी कुठं हाय ते बघा आन् ती चालवा. माझ्या गाडीची काच मोहनरावांनी नारळानं फोडलीय. ही गाडी माझ्या नावावर हाय. आजपासून तिच्यावर डायवर दुसरा."

कुणी टाळी वाजवली नाही. मोहनरावांनी तोंड उघडलं, पण बायकोनं नवऱ्याला नोकरीवरून काढलं तर त्यावर पुढाऱ्यानं काय बोलायचं, हे त्यांना आजवर कुणी शिकवलं नव्हतं. विश्वेश्वर एकदा त्यांच्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघत राहिला. तिचा हात तसाच पुढं होता. शेवटी त्यानं चावी तिच्या तळहातावर ठेवली. चावी घामानं ओली झाली होती.

कावेरीला गाडी चालवता येत नव्हती. तिनं चावी कमरेला खोचली, गल्ल्यावर जाऊन बसली आणि समोर पिशवी घेऊन खोळंबलेल्या माणसाला विचारलं, "तुमाला काय पायजे?"