आठपट जवळून

मी दुर्बीण बोलतेय. शर्वाणीची. काका अण्णासाहेब यांच्या टूर कंपनीत ती नोकरीला लागली, त्या दिवशी तिला मी मिळाले आणि एक नियमही मिळाला. "टूरवर मोठ्यांना टोकायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात वर्षभर मी समोरच्या खिडक्याच पाहिल्या. मग एकदाची गॅलापागोस बेटांवर निघाले. काळ्याशार लाव्हावर पहुडलेले इग्वाना सरडे, निळ्या पायांचे पक्षी! माणसं मात्र माझ्यातून पाच सेकंद बघायची, की लगेच मोबाईल.

गाइडने बजावलं होतं, प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहा. जवळ आणायला मी होतेच की!

पण सी-लायनचं, म्हणजे समुद्रसिंहाचं, पिल्लू दिसलं आणि अण्णासाहेबांची बायको, कमलिनीकाकू, विरघळल्या. "अगं बाई, काय गोड डोळे!" गाइड पुढे गेलेला. काकूंनी पिल्लाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. हातांना उदाच्या अत्तराचा वास. तीस वर्षं दुबईत काढलेली बाई. अण्णासाहेबांनी फोटो काढला. शर्वाणीचे ओठ उघडले, आणि मिटले.

बोटीवरून तिने मला डोळ्यांना लावलं. पिल्लाची आई पाण्यातून वर आली. पिल्लू धडपडत धावलं. आईने हुंगलं आणि मागे सरकली. पुन्हा हुंगलं. मान फिरवली, निघून गेली.

शर्वाणी गर्रकन गाइडकडे वळली, आणि माझ्यात अख्खं बेट हललं.

"आई पिल्लाला वासावरून ओळखते," गाइड म्हणाला.

तिसऱ्या दिवशी परतताना पिल्लू तिथेच होतं. दुसऱ्या मादीजवळ सरकलं, तर ती चावली. मी त्याच्या बरगड्या पाहिल्या. मला डोळे मिटता येत नाहीत.

काल ऑफिसात नवी जाहिरात छापून आली. ती बघायला काकूही आल्या होत्या. त्यावर तोच फोटो. खाली लिहिलंय, 'या, लाड करा!'

"यल्ला, चल शर्वाणी, अठराजणांचा ग्रुप आहे. तूच ने," अण्णासाहेब म्हणाले.

"नाही काका."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. काकूंच्या हाताच्या वासाने त्या पिल्लाला आईने टाकलं. मी बघत होते. तुमचा नियम पाळून गप्प बसले होते."

"अगं, प्रेमानेच हात लावला ना तिने?"

"प्रेमानेच. म्हणून कुणी अडवलं नाही. मीसुद्धा. आता हा फोटो दाखवून मी एकालाही तिकडे नेणार नाही."

तिने गळ्यातून काढून मला त्या जाहिरातीवर ठेवलं. अजून मी तिथेच आहे.

काकूंनी तळहात हळूच नाकाशी नेला, आणि तो तिथेच राहिला.