सहाव्या होलचं टेकाड

माझा जावई कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि हा दिवसभर मेण आणि प्लॅस्टर घेऊन बसतो. माणूस गुणी आहे, नखाएवढी चूक खपवून घेत नाही. पण मैदानावर त्याच्याकडे अंदाज म्हणून औषधालाही नाही.

डिस्क गोल्फ मीच त्याला शिकवायला घेतला. खेळ सोपा आहे. बशीएवढी चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये घालायची. फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या एका पट्ट्याला होल म्हणतात. चढ असेल तर चकती आधीच बसते, उतार असेल तर वाहवत जाते. जावयाला ना चढ दिसतो ना उतार. फेकतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो.

शेवटी त्याने आपल्या परीने मार्ग काढला. मैदानाचा उंचीचा नकाशा मिळवला. त्यात सारख्या उंचीच्या जागा एकेका रेघेने जोडलेल्या असतात. रेघा दाटीवाटीने असतील तर चढ खडा, लांब लांब असतील तर जमीन जवळपास सपाट. त्याने प्रत्येक रेघेचा आकार कवळीच्या गुलाबी मेणाच्या पत्र्यातून कापला, थरावर थर चिकटवला, आणि एकेक होल ताटलीएवढं करून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं. सगळं मैदान हिरड्यांच्या रंगाचं. मला हसू आवरेना, पण काम देखणं होतं.

त्या दिवसांत माझं वेगळंच चाललं होतं. माझ्या हातून दोनदा दूध जळलं. एकदा ते गॅसवर ठेवून मी शेजारी गेले होते. दुसऱ्यांदा घरातच होते, आणि ते जास्त वाईट. लेकीने तेव्हाच मनाशी ठरवलं: आईने हे घर भाड्याने द्यायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं. प्रेमानेच म्हणाली, पण पुढच्या खेपेला रिकामी खोकी घेऊन आली. मी आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभी राहिले, कुणाच्या हातावर चुकीची गोळी ठेवली नाही. आणि आता माझ्याच फ्रीजवर मला चिठ्ठी: गॅस बघ. मी विचार करते म्हणाले. राग खूप आला होता, पण जळकं पातेलं समोर असताना बोलणार काय, कपाळ?

तर त्या टेबलावर मी सहाव्या होलवरून बोट फिरवलं आणि थांबले. बास्केटच्या अलीकडे चांगलं टेकाड उभं होतं. मी म्हटलं, इथे टेकाड नाही, खळगा आहे, माणूस उतरला की दिसेनासा होतो. गुडघ्यांमुळे दोन वर्षं मी झाडांपलीकडच्या त्या बाजूला गेले नव्हते, जावयालाही अलीकडचीच होल शिकवली होती, पण जागा काही कालची नव्हती.

जावयाने नकाशा उलगडला. त्या जागी वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक वर्तुळ. "आई, रेघा स्पष्ट आहेत, टेकाडच आहे," तो अगदी हळू म्हणाला. मी लेकीकडे पाहिलं. ती मेणाकडे बघत होती, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"असू दे ना, आई," ती म्हणाली.

हे 'असू दे' मला फार लागलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी त्या मेणासमोर बसले. डोळे मिटून आठवू लागले. आधी खळगा आला, तळाशी ओला पाचोळा, थंडगार हवा. मग बोट टेकाडावर ठेवलं आणि टेकाडही आठवायला लागलं. मी त्यावर उभी आहे, पायात तपकिरी बूट, खाली बास्केट चमकतेय. दोन्ही सारखंच खरं वाटायला लागलं. एका जागी खळगा आणि टेकाड दोन्ही कसं असेल? जे दिसतं ते आठवतंय की नुकतं बोटाला लागलं ते? डोकं चालेना. मला भीती वाटली, सरळ भीती. दुधाचं झालं तर झालं, पण जमीनही माझ्या डोक्यात जागेवर राहत नसेल तर मग काय उरलं?

संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, टेकाडच होतं, माझं चुकलं, आणि मी तुमच्याकडे राहायला येते. ती "बरं" म्हणाली. फक्त घर सोडण्याआधी एकदा सहावं होल खेळायचं, एवढंच मी मागितलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. जावयाच्या खांद्याला धरून मी झाडांपर्यंत पोचले. फेकायच्या जागेवरून पुढचं काही दिसत नाही, मध्ये झुडपं आहेत. जावयाने मेण मनात धरून टेकाडावरून जाईल अशी उंच फेक केली. त्याची आजवरची सगळ्यात चांगली फेक. मी तोंड भरून कौतुकही केलं. तो चकती शोधायला झुडपांपलीकडे गेला, आम्ही मायलेकी मागून.

आम्ही बघत असताना जावई आधी कमरेपर्यंत गेला, मग छातीपर्यंत, मग नुसतं टक्कल राहिलं, मग तेही गेलं.

खळगाच होता.

थोड्या वेळाने तो चकती आणि नकाशा घेऊन वर आला. नकाशावर त्या वर्तुळांना आतल्या बाजूने बारीक बारीक रेघोट्या होत्या. खळगा असला की तशा काढतात, हे त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर शोधलं. त्याला ते गवत वाटलं होतं. आमच्या कामात सगळं वर चढवत जायचं असतं, तो खजील होऊन म्हणाला. जावईबापू, मी म्हटलं, एखाद्याची खालची कवळी वर बसवाल एक दिवस. तो हसला. मला वाटलं लेकही हसेल.

ती खळग्याच्या काठावर उभी होती. "मी इथे लपायचे," ती म्हणाली. "लहानपणी. तू खेळत असायचीस तेव्हा."

"म्हणजे तुला आठवत होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी टेबलावर बोलली का नाहीस?"

"मलाही खळगाच आठवत होता, आई. पण तू खळगा म्हणालीस ना. म्हणून मला वाटलं, तो नसणार."

जावई उगाच चकती पुसत राहिला.

घरी आल्यावर लेकीने सहावं होल उचललं. नवऱ्याचं बघून बघून तिलाही मेण वळवता येतं. तिने गॅस पेटवला, ते टेकाड आचेवर लांबून धरलं, मऊ होऊ दिलं, आणि टेबलाशी बसून अंगठ्याने आत दाबायला लागली. कडा कशी होती, तिने विचारलं. एका बाजूला खडी, मी सांगितलं, बास्केटकडची बाजू पसरट. तिथे तिने मला दाबायला लावलं. दोघींच्या अंगठ्यांचे ठसे उमटत गेले आणि हळूहळू आमचा खळगा झाला. खोकी कोपऱ्यात रिकामीच होती. त्यांचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

मागे गॅस तसाच जळत होता. तिच्या ध्यानात नव्हतं. मी उठले, बंद केला, आणि पुन्हा तिच्या शेजारी येऊन बसले.