दुसरी सुई

थोरली चौथीपर्यंत शिकली होती, तेही मास्तर तिला भ्यायचे म्हणून. पण माशाच्या पोटावर अंगठा फिरवून अंडी पिकली का हे ती अचूक सांगायची. घरच्या मत्स्यबीज केंद्रात तिचा शब्द खाली पडत नसे, निदान तिला ऐकू जाईल असा तरी.

यंदा तिच्या सुनेने वजनकाटा आणला. हंगामातली शेवटची भरलेली मादी तोलून, वजनावर अंडी सुटायचं औषध मोजून सकाळीच सुई दिली, आणि पाटीवर लिहिलं: अंडी काढणे, संध्याकाळी सहा. थोरलीने सगळ्यांदेखत बजावलं, की बी वाया गेलं तर ज्याने घालवलं त्याने पुन्हा हौदाकडे फिरकायचं नाही. सून "बरं" म्हणाली. त्या "बरं"नेच थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढी थोराड मादी आणि औषध अत्तराच्या फायासारखं! थोरलीचा हात पहिल्यापासून सढळ. सून जेवायला गेलेली पाहून तिने गुपचूप दुसरी सुई टोचली.

सहा वाजता पोट दाबताच अंडी भांड्यात नुसती कोसळली. थोरली मिशा नसताना पीळ देत राहिली. सुनेने अंडी बोटावर घेऊन पाहिली, कपाळाला आठी घातली, नराचं वीर्य मिसळून ती पाण्यात सोडली.

सकाळी सगळी अंडी खडूसारखी पांढरीफटक, मेलेली.

सून म्हणाली, वेळेआधीच सुटली असणार, पोटात राहून शिळी झाली. माझंच माप चुकलं, औषध जास्त झालं. मग ती दाराशी बसून गमबूट काढू लागली.

आता थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात तेवढं एकच तिला जमलेलं नव्हतं.

"बूट घाल गं. दुसरी सुई मी दिली."

"केवढी?"

"तुझ्याएवढीच. जरा जास्त."

"जरा?"

"तिप्पट."

एवढं बोलून थोरली स्वतःचे बूट ओढायला लागली. अट तिचीच होती; पण वाकायची सवय नसल्याने बूट काही निघेना. सून ते बघत राहिली. मग म्हणाली, राहू द्या आई, मादी तुमच्यासारखी धरायला कुणाला येतंय.

पण तिने पाटी पुसली आणि पाटीभर लिहिलं: सुईला हात लावू नये.

थोरलीने अक्षरं लावत वाचलं. एवढं मोठं कशाला, म्हणून फणकारली.

"तुमच्याच मापाने लिहिलंय," सून म्हणाली.