देवीच्या रक्ताचा ग्रुप

“बाबा, देवीच्या रक्ताचा ग्रुप कोणता हो?”

प्रश्न सुफियाच्या तोंडून आला, पण पैज होती तिच्या मैत्रिणींची, प्रगती आणि रुबीची. भर गर्दीत, माईकच्या अगदी समोर उभं राहून विचारायचं आणि अजिबात हसायचं नाही. जमलं तर राहू गावच्या बाजारातली मटका कुल्फी, नाही जमलं तर आठवडाभर दोघींची दप्तरं वाहायची. सुफिया दहावीत होती. गेल्याच महिन्यात वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिचा तालुक्यात दुसरा नंबर आला होता आणि तेव्हापासून तिचा आवाज हळू निघेनासाच झाला होता. माळवस्तीच्या माळाई देवीपुढची दीडदोनशे डोकी एकदम तिच्याकडे वळली.

काटेबाबांनी डोळे अर्धवट मिटले. तीन महिन्यांपूर्वी उगवलेले हे महाराज कुणी म्हणे हिमालयातून आले, कुणी म्हणे चौफुल्यावर त्यांची चहाची टपरी होती. चौदा वर्षं ते म्हणे निवडुंगाच्या काट्यांवर झोपले आणि तरी पाठीवर एक ओरखडा नाही. सुफियाच्या मते ह्याचा अर्थ सरळ होता, बाबा चौदा वर्षं गादीवर झोपले.

“बाळ,” बाबा मधाळ आवाजात म्हणाले, “देवीचा ग्रुप समद्यांना चालतो. फकस्त पाप्याला चालत न्हाई.”

“बोला माळाईच्या नावानं!” बाबांचा चेला मच्छिंद्र माईकमध्ये ओरडला. टाळ्या पडल्या. कुल्फी पक्की झाली. मागे प्रगती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. पण त्या दिवशी कुल्फी कुणीच खाल्ली नाही.

त्याचं असं झालं. चार दिवसांपूर्वी देवीचे चांदीचे डोळे नाहीसे झाले होते. मेणानं चिकटवलेले ते जुने टपोरे डोळे सकाळी पूजेला गेल्यावर जागेवर नव्हते. सोसायटीचे चेअरमन आनंदराव हेच देवळाचेही सर्वेसर्वा. त्यांनी पोलिसांत जाण्याऐवजी बाबांना साकडं घातलं. बाबांची पद्धत तडकाफडकी. संशयितानं उजवा तळहात पुढे करायचा, बाबा झोळीतून चिमूटभर पांढुरका अंगारा त्यावर ठेवणार, तांब्यातलं तीर्थ शिंपडणार आणि दोन बोटांनी खसाखसा घासणार. माणूस निर्दोष असेल तर राखेची राखच राहणार. चोर असेल तर त्याच्या तळहातातून देवीचं रक्त फुटणार. बाबांची ती दोन बोटं कायम लालभडक असायची. “अष्टगंध हाय,” असं मच्छिंद्र कुणी न विचारताच सांगायचा.

पहिला हात आनंदरावांचा. राख ती राखच. बोर्डात पहिला आल्यासारखा त्यांनी तो हात गर्दीला फिरवून दाखवला. मग पुजारी, मग गुरव. सगळे स्वच्छ.

“गुळव्या मीरासाहेब!” मच्छिंद्रनं पुकारा केला.

सुफियाचं हसू जागच्या जागी गोठलं. मीरासाहेब म्हणजे तिचे अब्बा. देवळाच्या भिंतीला लागून गुऱ्हाळ होतं आणि तिथली काहील, म्हणजे रस उकळायची भलीमोठी कढई, त्यांच्या ताब्यात होती. ते कामावरून तसेच धावत आले होते. रसातली मळी वर यावी म्हणून चुन्याची निवळी नुकतीच ओतलेली, हात पंचाला पुसलेले. गंमत बघायला आलेली असल्यामुळे सुफिया सगळंच बारकाईनं बघत होती, म्हणून तिला दिसलं. आतापर्यंत झोळीच्या डाव्या कप्प्यात जाणारी बाबांची बोटं ह्या वेळी उजव्या कप्प्यात गेली.

चिमूट पडली, तीर्थ पडलं, बोटं फिरली. आणि अब्बांचा तळहात जांभळा झाला. पिकलेलं जांभूळ चिरडल्यासारखा गडद जांभळा.

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. मच्छिंद्र घाईनं खाली वाकला आणि कानात कुजबुजला. फक्त माईक बंद करायचा राहिला.

“म्हाराज, जांभळं म्हंजी काय?” अख्ख्या वस्तीला ऐकू आलं.

“जांभळं म्हंजी,” बाबांनी झोळी सावरली, “म्हंजी चोराची सावली! चोर ह्याच्या जवळनं गेला. सावली जांभळी असती.”

“व्हय, व्हय, असती!” गर्दीतून दोघंतिघं म्हणाले. त्यांनी आयुष्यभर काळी सावली पाहिली होती, पण बाबांपुढं बोलणार कोण?

पुढचा हात साळूबाईचा. देऊळ झाडणारी साठीची बाई, प्रगतीची आजी. बाबांची बोटं परत उजव्या कप्प्यात गेली. ह्या वेळी सगळं ठरल्यासारखं झालं. साळूबाईच्या सुरकुतल्या हातातून लाल ओघळ मनगटापर्यंत आला.

“आरं मी चार दिस बोंबलती हाय,” साळूबाई हात झटकत म्हणाली, “समईच्या धगीनं मेण सुटलं आसंल, गोमुखात बगा, गोमुखात! अभिषेकाचं पानी जातं तिथं!”

“गाभाऱ्यात पाऊल टाकायचं न्हाई तू,” आनंदराव गरजले. “म्होरल्या मंगळवारपातुर कबूल कर. न्हाईतर वस्ती सोडायची.”

प्रगती हसायची थांबली होती. ती आजीच्या हातावरचा डाग ओढणीनं पुसत होती आणि डाग ओढणीवर पसरत चालला होता.

घरी अब्बा हात घासत बसले होते आणि अम्मी, म्हणजे अकिला, वरून पाणी ओतत होती.

“जांभळ्यावर सुटलो, अल्लाचे उपकार,” अम्मी म्हणाली.

“अब्बा, त्याचा हात उजव्या कप्प्यात गेला,” सुफिया म्हणाली. “तुमच्या वेळी आणि साळूआजीच्या वेळी. बाकी सगळ्यांना डावा. म्हणजे ते लाल तुमच्यासाठी होतं.”

अब्बांनी मान वर केली नाही. “मला काय कळलं न्हाई व्हय? पण ऐक. देवीच्या दारात आपल्या घरानं तोंड उघडायचं न्हाई. साळूबाईचं वाईट वाटतं. पण इथंच ऱ्हायचंय आपल्याला.”

सुफियाचं डोकं मात्र गप्प बसेना. आपल्या वाटणीचा डाग साळूआजीच्या हातावर गेला होता. आणि तिला आठवली कापूस वेचणारी मॅडम.

मागच्या हिवाळ्यात अनुपमा मॅडम बांधाबांधानं हिंडत फड्या निवडुंगावरचा पांढरा कापूस चिमट्यानं डबीत भरत होत्या. पोरींनी तेव्हा खूप दात काढले होते. त्या शिरूरला एका कॉलेजात शिकवतात एवढं सांगून त्यांनी वाट विचारली होती आणि फोन नंबर दिला होता.

गुरुवारी ‘नोट्स आणायला’ म्हणून सुफिया आणि प्रगती न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूरला पोचल्या. सुफियानं बांधावरून कापूस लागलेलं निवडुंगाचं एक फडं डब्यात आणलं होतं. प्रगतीनं ओढणी आणली होती.

मॅडमनी डाग बघितला, फडं बघितलं आणि कापसाचा एक पुंजका सुफियाच्या तळहातावर ठेवला. “चोळ.”

सुफियानं चोळलं. तळहात लाल झाला.

“या अल्ला! मी पण चोर?”

“तू किडा चिरडलास,” मॅडम हसल्या. “हा कापूस नाही, मेण आहे. त्याखाली किडे दडलेले असतात. त्यांच्या अंगात लाल रंग असतो. जगात काही ठिकाणी ह्यांचेच भाऊबंद वाळवून कापड रंगवतात.”

मग त्यांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. काचेच्या पट्टीवर एक किडा चपटा करून ठेवला होता. मॅडम त्याच्या अंगावरचे केस आणि छिद्रं मोजत होत्या. वहीत आकडे, चित्रं, पुन्हा आकडे.

“निवडुंग फार माजला म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी हा किडा मुद्दाम आणून सोडला,” त्या म्हणाल्या. “पण ज्या नावानं आणला ते नावच चुकीचं निघालं. दिसायला सारखे, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला. मग एकाच्या वहीतून दुसऱ्यानं उतरवलं, दुसऱ्याच्या वहीतून तिसऱ्यानं.”

“आमच्या वर्गासारखं,” प्रगती पुटपुटली.

“अगदी. म्हणून मी काय करते? आधीचं नाव बाजूला ठेवते. किडा परत समोर घेते, परत मोजते आणि नव्यानं वर्णन लिहिते. नाव बरोबर असलं तर राहतं. चुकलं असलं तर बदलायचं, त्यात कुणाची अब्रू जात नाही.”

सुफियाला वाटलं, साळूआजीचं पण हेच झालंय. एकानं चोर म्हटलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. गोमुखात कुणी डोकावलंच नाही.

“पण अब्बांचा हात जांभळा का झाला?”

“अब्बा काय काम करतात?” मॅडमनी विचारलं. उत्तर ऐकलं आणि त्यांनी कपाटातून चुना आणि पिशवीतून लिंबू काढलं. पुढच्या पाच मिनिटांत त्या खोलीत दोन पोरी उड्या मारत होत्या.

“मॅडम, तुम्ही चला ना मंगळवारी!”

“मी आले तर म्हणतील, शहरातल्या शहाण्या बाईनं काहीतरी केलं. तू केलंस तर प्रत्येकाला वाटेल, आपणही करून बघावं.” आणि त्यांनी आपलं भिंग तिच्या हातात ठेवलं.

मंगळवारी गर्दी दुप्पट. बाबांनी साळूबाईचा हात परत घासला, परत लाल ओघळ आला आणि मच्छिंद्रनं परत जयजयकार केला.

“बाबा,” माईकसमोर ओळखीचा आवाज खणखणला, “ग्रुप कळला मला!”

“ए पोरी, बस खाली!” आनंदराव ओरडले. लांब गुऱ्हाळाच्या दारातून अब्बाही हातानं ‘बस, बस’ खुणावत होते. सुफिया अर्धी खाली वाकली. मग तिनं साळूआजीच्या पायाशी बांधून ठेवलेलं गाठोडं बघितलं. आजी सामान बांधूनच आली होती.

तिनं देवीपुढच्या ढिगातलं एक लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि साळूबाईच्या तळहातावर पिळलं. रक्त केशरी झालं. झेंडूसारखं केशरी.

गर्दीतून “आँ?” असा एक लांबलचक आवाज निघाला.

“चमत्कार!” बाबा झटकन म्हणाले. “देवी शांत झाली!”

“थांबा, रुसवते परत,” सुफिया म्हणाली. “चुना पाहिजे. कुणाकडं?”

तंबाखूवाल्यांचे हात खिशात गेले आणि चेअरमनसाहेबांकडे बघून तिथंच राहिले. कुणी हलेना. तेवढ्यात मागून गर्दी फाटली. अब्बा येत होते, हातात निवळीची बादली. ते आनंदरावांकडे बघत नव्हते, बाबांकडेही नाही.

“हे घे,” ते लेकीला म्हणाले आणि स्वतःचा तळहात पुढे केला. “माझ्याच हातावर दाव. गेल्या येळी बी माझ्याच हातावर झालं हुतं.”

सुफियानं खिशातल्या डबीतला पांढरा पुंजका अब्बांच्या हातावर चोळला. लाल. निवळी ओतली. जांभळा.

“ही चोराची सावली!” ती माईकमध्ये म्हणाली. “आता खरं रक्त बघा.” तिनं निवडुंगाचा काटा स्वतःच्या बोटात टोचला आणि थेंबावर लिंबू पिळलं. “स्स, झोंबलं! जरा काळपटलं, पण केशरी झालं? निवळी टाकते. जांभळं झालं? न्हाई! मग आजीच्या हातावर आहे ते रक्त न्हाई, आपल्या बांधावरच्या निवडुंगावरचा किडा हाय. भिंगातनं बघा, पाय दिसतात त्याला! बाबांच्या झोळीत दोन कप्पे हायत. डावीकडं राख, उजवीकडं किडे.”

“ही पोर चेटूक करती!” बाबा किंचाळले.

“मग तुम्ही करून दावा. उजव्या कप्प्यातलं तुमच्याच हातावर घ्या.”

बाबांनी दोन्ही हात कफनीत दडवले. पण ती दोन लाल बोटं काही आजची नव्हती, सगळ्यांनी तीन महिने पाहिलेली होती. कुणीतरी झोळी ओढली. उजव्या कप्प्यातून पांढुरका चुरा सांडला. एका म्हातारीनं तो चिमटीत धरला, थुंकी लावून चोळला आणि लाल बोट वर केलं. मग दुसऱ्यानं, मग पाचव्यानं. पाच मिनिटांत अर्धी वस्ती लाल हातांची झाली आणि माळवस्तीत चोरच चोर झाले. मच्छिंद्र माईक तिथंच सोडून मोटारसायकलकडे निघाला. बाबा मागच्या सीटवर उडी मारून बसले. काट्यांवर चौदा वर्षं झोपणाऱ्या माणसाला सीटचा चटका मात्र सहन झाला नाही, बसताना ते “आई गं” म्हणाले.

ह्या गोंधळात साळूबाई कुणालाही न विचारता देवळामागं गेली. खराट्याचा दांडा गोमुखात घालून तिनं आतला गाळ ओढला. निर्माल्य, दुधाचा थर, आणि त्यात एक चांदीचा डोळा. मग दुसरा. दोन्ही पदरानं पुसून तिनं आनंदरावांच्या हातात ठेवले.

“लावा आदी,” ती म्हणाली. “न्हाईतर तुमी माफी मागताना देवीला दिसायचं न्हाई.”

आनंदरावांनी डोळे लावले. माफीही मागितली, जरा पुटपुटत, पण माईक अजून चालूच होता.

आता ह्यात देवीचा काय दोष? तिनं ना रक्त काढलं, ना कुणाला चोर म्हटलं. जे केलं ते माणसांनी, न बघता. बघायला लागतंच किती? एक लिंबू, थोडा चुना आणि ‘थांबा, मी स्वतः करून बघतो’ एवढं म्हणायची हिंमत. ती बाजारात मिळत नाही, पण निवडुंगासारखी कुठल्याही बांधावर उगवू शकते.

उन्हं कलताना गुऱ्हाळात गरम गुळाचा वास सुटला होता. अब्बा काहिलीवरची मळी काढत होते. अम्मीनं लेकीच्या टोचलेल्या बोटाला हळद लावली आणि रागानं जरा जास्तच लावली.

“किती समजावलं हुतं, गप बस म्हणून,” ती म्हणाली. “आता बोर्डाची परीक्षा. डॉक्टर व्हायचंय ना?”

सुफियानं भिंग डोळ्याला लावलं. त्यातून अब्बांचा तळहात दिसत होता. जांभळ्याच्या कडेला अजून थोडं लाल उरलं होतं.

“अब्बा, अम्मी, ऐका. मी डॉक्टर होणार नाही. अकरावीला शिरूरला सायन्स घेणार, अनुपमा मॅडमकडे जाणार आणि किडे बघणार. ज्याला चुकीचं नाव चिकटलंय, त्याला परत बघणार, परत मोजणार. आणि गप्प बसायचं आता मला जमणार नाही, देवीच्या दारात नाही आणि आपल्या दर्ग्यातही नाही. मी विचारत नाहीये हं, सांगतेय.”