ताईचं वजन

डॉक्टरबाईंनी फाइल मिटली. "किडनी जुळतेय," त्या म्हणाल्या, "पण एवढं वजन आणि असं ब्लडप्रेशर असताना मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी वजन उतरवा, प्रेशर आटोक्यात आणा. मग बघू."

धाकट्या भावाचा चेहरा पडला. भावजयीने ताईचा हात घट्ट धरला. ताईने मान खाली घातली, आणि बिचारीला फार लागलं असं दोघांनाही वाटलं. खरं तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. सुटले, असं तिच्या मनात आलं. ते आल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण सुटल्यासारखं वाटायचं काही थांबलं नाही.

भावाला घरात चिमण्या म्हणत. लहानपणी अगदी मूठभर होता म्हणून पडलेलं नाव. पुढे ताडमाड वाढला, दारातून वाकून आत यायला लागला, तरी नाव काही मोठं झालं नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासायचा. किडन्या कामातून गेल्यापासून अर्धा आठवडा डायलिसिसच्या खुर्चीत आणि उरलेला त्या थकव्यातून सावरण्यात जात होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. तिनेच त्याला वाढवलं. लग्नाचं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एक पोर सांभाळलं तेवढं बास झालं."

त्यामुळे किडनीचा विषय निघाला तेव्हा "माझी घ्या" असं ती बोलून गेली. तोंड पुढे धावलं होतं, मन मागून धापा टाकत पोचलं. पोचलं तेव्हा त्याला पहिली आठवली ती आई.

आई पित्ताशयातले खडे काढायला गेली होती. "दुपारच्या चहाला मी शुद्धीवर असेन, आधण टाकून ठेवा," असं हसत सांगून ती आत गेली. स्ट्रेचरची चाकं करकरली, गोल काचेचं दार दोनदा हललं आणि थांबलं. बऱ्याच वेळाने त्याच दारातून एक डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि मग काय बोलावं ते त्यांना सुचेना. एवढंच ताईला आठवत होतं. पुढचं काही आठवत नव्हतं. पण फरशीवरून चाकं जाण्याचा आवाज कुठेही आला, अगदी दुकानातल्या सामानाच्या गाडीचा आला, तरी तिच्या तळव्यांना घाम फुटायचा.

आता सगळे तिच्या मदतीला धावले. भावजय रोज डब्यात भाज्या आणि सूप पाठवायला लागली. चिमण्या, ज्याला जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, तो संध्याकाळी तिच्यासोबत चालायला यायचा. तळ्याकाठच्या रस्त्यावर एका बाकापर्यंत कसाबसा यायचा, तिथे बसायचा आणि ओरडायचा, "चल ताई, अजून एक फेरी! मी मोजतोय, लबाडी चालणार नाही!" ती चालायची. घामाघूम व्हायची, गुडघे बोलायला लागायचे, पण वळणावर त्याचा हात वर झालेला दिसला की पाय आपोआप उचलायचे.

वजन उतरायला लागलं. दवाखान्यातल्या काट्यावर ती उभी राहिली की नर्स म्हणायची, "वा, छान!" आणि ताई घाईने काट्यावरून उतरायची. काटा जसजसा खाली यायला लागला, तसतसं ते गोल काचेचं दार जवळ यायला लागलं. तिची झोप उडाली. बसमध्ये, आंघोळ करताना, कपड्यांना इस्त्री करताना एकदम वाटायचं की कुणीतरी आपल्याला आडवं केलंय आणि वरचे दिवे एकामागून एक सरकताहेत. इस्त्री बाजूला ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहायची.

ताई बेकरीत केक सजवायची. ताज्या केकचा फुगलेला माथा आणि कडा आधी लांब सुरीने कापून सपाट करायच्या, मग फिरत्या थाळीवर ठेवून क्रीम लावायचं. कापलेलं कातरण एका मोठ्या वाडग्यात पडायचं. इतके महिने तिने त्याकडे बघितलंही नव्हतं. डॉक्टरबाईंनी "आता थोडंच राहिलं, पुढच्या तपासणीत तारीख ठरवू" असं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने उभ्या उभ्या वाडगा रिकामा केला. भूक नव्हती. चव लागत नव्हती. घास खाली उतरत होते आणि प्रत्येक घासाबरोबर ते दार एकेक पाऊल मागे सरकत होतं. मग रोजच तसं व्हायला लागलं. कधी क्रीम पिळायच्या कोनातलं उरलेलं क्रीम थेट तोंडात.

पुढच्या तपासणीला काटा वर गेलेला होता. प्रेशरही. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर चिमण्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा हात सुजलेला होता.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "वजन म्हणजे काय पाहुणा आहे, चहा देऊन वाटेला लावायला? होईल सावकाश."

ताईला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या हातातल्या डायलिसिसच्या नळीत रक्त साकळलं आणि डायलिसिस अर्धवट राहिलं. तरी संध्याकाळी तो आलाच. ताई एक फेरी मारून वळली तर बाकावरून हात वर झाला नाही. तो पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून, आणि घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता.

"चिमण्या!"

त्याने मान वर केली. ओठ निळसर पडले होते. त्याला बोलायचं होतं पण बोलण्यापुरता श्वासच नव्हता. ताई पळाली. इतकी वर्षं ती कधी पळाली नव्हती. रस्त्याच्या मधोमध उभं राहून तिने येणारी पहिली गाडी अडवली. हॉस्पिटलपर्यंत त्याचं डोकं तिच्या छातीशी होतं आणि ती नुसती म्हणत होती, "श्वास घे. घे. अजून एक घे." प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंतची ती पोकळी तिला सोसवत नव्हती.

फुप्फुसात पाणी भरलं होतं. त्याला स्ट्रेचरवर घालून आत नेलं. चाकं करकरली, दार हललं, थांबलं. ताई तिथेच फरशीवर बसली. आजवर ती स्वतः त्या दाराच्या आत जायला भीत होती. पण या दाराबाहेर बसणंही काही कमी भयानक नव्हतं, आणि हे तिने पंधराव्या वर्षीच एकदा भोगलं होतं.

या वेळी डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "निभावलं." मग त्या ताईशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला किडनी द्यायची नसेल तर तसं सांगा. घरच्यांना मी एवढंच सांगेन की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. कारण विचारलं तरी सांगणार नाही. अगदी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तुम्ही परत फिरू शकता."

इतक्या सोप्या शब्दांत कुणी सुटका देईल, असं ताईला वाटलं नव्हतं. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती.

"मी मुद्दाम खात होते," ती म्हणाली. "मला फार भीती वाटते हो."

"मला वाटलंच होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाई नाही. विचार करा."

दोन दिवसांनी चिमण्या उशीला टेकून बसला तेव्हा ताईने त्यालाही सांगून टाकलं. कातरण, क्रीम, सगळं. त्याने शांतपणे ऐकलं.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "क्रीम तुझ्या कोपरापर्यंत असायचं. खोटं बोलायचं तर हात तरी धुवावेत माणसाने."

"मग बोलला का नाहीस?"

तो खिडकीकडे बघायला लागला. "कारण मलाही बरं वाटायचं. तारीख पुढे गेली की मी मनातल्या मनात हुश्श करायचो. आई आत गेली तेव्हा बाहेर दवाखान्याच्या बाकावर मीही होतो, ताई. तू आत गेलीस आणि आली नाहीस तर मी त्या किडनीचं काय करू? ती घेऊन जगू कसा?" त्याने तिचं मनगट धरलं. "नको करू. दुसऱ्या कुणाची मिळाली तर मिळाली. खरंच सांगतो."

दोघंही रडली. दाराशी डबा घेऊन आलेली भावजय ते बघून घाबरली आणि काय झालं ते न विचारता तीही रडायला लागली.

ताईने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालायला सुरुवात केली. धीर आला होता असं नाही. भीती होती तेवढीच होती, पण आता ती लपवावी लागत नव्हती, आणि लपवण्यात जे बळ जात होतं ते पायांना मिळालं. बेकरीत कडा कापून झाल्या की ती भट्टीवाल्या काकांना हाक मारायची, "काका, हा वाडगा माझ्या नजरेआड करा, नाहीतर माझं काही खरं नाही!" ते निमूट उचलून न्यायचे. तळ्याकाठी आता भावजय सोबत असायची. एखाद्या संध्याकाळी भीती अंगावर आली की ताई म्हणायची, "आज ऑपरेशन नाही ना? आज नुसतं चालायचंय." आणि चालायची. एकदा चालताना तिचा पाय घसरला. एकदा भावजय नाही म्हणत असताना तिने हट्टाने केक खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून पुन्हा सूप प्यायली. काटा उतरला, थांबला, वर गेला, परत उतरला.

चिमण्या शेवटपर्यंत नको म्हणत होता, पण ताईने ऐकलं नाही. तारीख ठरली. त्या सकाळी तिला आडवी करून न्यायला लागले तेव्हा वरचे दिवे खरोखरच एकामागून एक सरकले, तिने कल्पना केली होती अगदी तसेच. दाराशी पोचल्यावर ती ओरडली, "थांबा!"

गाडी थांबली. कुणी रागावलं नाही. आतून डॉक्टरबाई आल्या, मास्क खाली ओढलेला. तो मास्क बघून ताईचे दात वाजायला लागले.

"परत फिरायचं?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. "नाही. पण हात धरा कुणीतरी."

डॉक्टरबाईंनी स्वतः हात धरला आणि तिला झोप लागेपर्यंत सोडला नाही.

शुद्ध आली तेव्हा आधी वेदना आली, मग उजेड, मग भावजयीचा चेहरा. ती एवढी वाकली होती की तिचे अश्रू ताईच्या कपाळावर पडत होते. काहीतरी सांगत होती, पण शब्द लागत नव्हते. ताईने तिची बाही पकडली.

"काय झालं? चिमण्या कुठाय?"

"लघवी झाली!" भावजय जवळजवळ किंचाळली. "ताई, त्याला लघवी झाली! तुझी किडनी टेबलावरच कामाला लागली म्हणे. पिशवी भरली, नर्सने दुसरी लावली!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी "अरे वा, अभिनंदन" म्हटलं आणि ताईला हसू फुटलं. टाके ताणले, डोळ्यांत पाणी आलं.

"हसवू नकोस गं," ती कण्हत म्हणाली, "फाटेन मी."