डावे हात

एस्तेर फळ्यावर लिहू लागली की खडूचा आवाज येत नसे. हिवाळा सरत आलेला, शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाची पिवळी पाने पत्र्यावरून घसरत खाली येत असलेली, आणि पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन फळ्याच्या अर्ध्यावर येऊन थबकलेले. त्या उन्हात तिची सावळी, किंचित राठ बोटे इतक्या हळुवारपणे अक्षर रेखीत की, फळ्याला दुखेल अशी तिला भीती वाटत असावी. मग ती वळे, प्रश्न विचारी, तळवा पुढे धरी आणि वाट पाही. तिचे ते वाट पाहणे मला फार आवडे.

माझे अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गेले. नगरच्या एका अध्यापक महाविद्यालयात मी शिकवते. होऊ घातलेल्या शिक्षकांना सराव पाठांसाठी शाळेत न्यायचे आणि त्यांचे शिकवणे मागे बसून न्याहाळायचे, हे माझे काम. पाठ केलेले, थरथरणारे, उगाच मधाळ असे कितीतरी आवाज या कानांनी पचवले. एस्तेरचा आवाज मात्र घरातला होता. नेवाशाकडची ही मुलगी लग्न होऊन नागापूरला आली, तिथल्या एका कारखान्यात वर्षानुवर्षे खोकी बांधत राहिली, आणि तिशी उलटल्यावर ते सोडून बी.एड.ला बसली. यंदा उत्तीर्ण झाली तर शाळा, नाही तर पुन्हा खोकी, असे घरात ठरले होते.

आणि नेमके ते वाट पाहणेच तिच्या मुळावर उठले. एका सराव पाठात एक मुलगी उत्तरासाठी ओठ चावत उभी राहिली, एस्तेर तिच्यासाठी थांबली, आणि पाठ अर्धा असतानाच घंटा झाली. माझ्या सहकाऱ्यांनी शेरा लिहिला, ‘वेळेचे भान नाही. पाठ पुन्हा घ्यावा.’

“मॅडम, ती सांगणार होती हो,” एस्तेर मला म्हणाली. “तोंडापर्यंत आलं होतं तिच्या.”

“घंटा कुणासाठी थांबत नाही, बाई,” मी म्हटले. माझे चुकले नव्हते, पण मला ते म्हणून बरेही वाटले नाही.

वार्षिक पाठाचा, म्हणजे अंतिम परीक्षेचा, दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक त्या दिवशी वर्गावर्गांतून फिरतात, प्रत्येकाचे शिकवणे थोडा वेळ पाहतात आणि पुढे निघून जातात. त्या थोड्या वेळात वर्ग हुशार दिसावा म्हणून आमच्या क्षेत्रात एक युक्ती पिढीजात चालत आलेली आहे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. शिकवणारी फक्त उजव्या हातांना विचारते, आणि परीक्षकांना दिसते ते हातांचे हिरवेगार शेत. एस्तेरच्या मैत्रिणींनी सकाळी लवकर येऊन, तिला न सांगता, सहावीच्या वर्गाला हे पढवून ठेवले होते.

परीक्षक माझ्या शेजारी येऊन बसले. एस्तेरने विचारले, “एक तृतीयांश मोठा, की एक चतुर्थांश?” सगळा वर्ग हात वर करून सज्ज झाला. तिने वर्गावरून नजर फिरवली, काय घडले आहे ते तिला कळले, आणि कानशिले लाल झाली. मग ती खिडकीजवळच्या मुलीकडे वळली.

“कावेरी, तू सांग.”

“बाई, तिचा डावा हाय!” पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडले. परीक्षकांचे पेन थांबले.

“हाय ना,” एस्तेर शांतपणे म्हणाली. “म्हणून तर तिला विचारलं.”

कावेरी चाचरत उठली. “मला न्हाई येत, बाई.”

“बरं. कुठवर येतं, तेवढं सांग.”

“चार मोठे हायेत तिनापेक्षा. मंग चतुर्थांश मोठा.”

एस्तेरने तिला चूक म्हटले नाही. फळ्यावर सारख्या आकाराच्या दोन भाकरी काढल्या. “ही तिघींत वाटायची, ही चौघींत. तू कुठं बसशील?” आणि तळवा पुढे धरून ती थांबली. अख्खे वर्ष पणाला लागलेले असताना थांबली.

“तिघींत,” कावेरी म्हणाली. “चौघींत तुकडा बारका येतो.” मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. “म्हंजी खालचा आकडा वाढला की वाटा बारका हुतो! तृतीयांशच मोठा हाय, बाई!”

“व्हय गं, व्हय!” पुस्तकी भाषा विसरून एस्तेर थेट नेवाशाच्या बोलीत ओरडली.

आणि मग वर्गात जे झाले, ते मी कुठल्याही वर्गात पाहिले नव्हते. पुढच्या प्रश्नाला उजवे हात एकेक करून खाली आले आणि डावे वर गेले. “बाई, मला न्हाई येत, मला विचारा!” “माझा बी डावा!” ती बाकांमधून फिरत होती, ऊन तिच्या खांद्यावर होते, आणि मला आनंदाने अक्षरशः रडू येत होते. परीक्षकांना पुढच्या वर्गात जायचे होते. ते घंटा होईपर्यंत जागचे हलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “या बाई शिक्षिका झालेल्याच आहेत. राहिला कागद, तो आपण करू.”

तो कागद झाला. एस्तेर आता पुणतांब्याच्या बाजूला एका शाळेत शिकवते. कावेरीचा तो वर्ग पांगला, त्या खोलीत नवी मुले बसतात आणि त्यांना एस्तेरचे नावही ठाऊक नाही. काळाने तिथली सगळी माणसे आपापल्या वाटेला लावली. पण ‘मला येत नाही’ हे एका अख्ख्या वर्गाने हात उंचावून, हसत सांगितले, ती सकाळ माझ्यापुरती अजून चालूच आहे.